उसनं स्वगत

महानंदानं ताट पुन्हा गरम केलं आणि शिवलीलाच्या टेबलावर, पुस्तकाच्या अगदी कडेला आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरणावर तुपाची धार. निलंग्याला असताना याच पोरीपासून तुपाचं भांडं लपवून ठेवावं लागायचं.

"शिवू, दोन घास खा गं. सकाळपासून नुसत्या चहावर आहेस."

शिवलीलानं वर पाहिलंच नाही. तिचा गळा किंचित हलला, कानामागची बोटभर पट्टी निळी लुकलुकली, आणि ती शांतपणे म्हणाली, "भूक लागली म्हणजे धडा संपला असं नसतंय."

"अगं पण..."

"मायेनं मार्क मिळत नसतात, आई."

महानंदा ताट उचलून ओट्याकडं गेली. पोरगी उलट बोलली याचं तिला काही वाटलं नव्हतं. बारावीची पोरं बोलतातच. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ती दोन्ही वाक्यं महानंदाची स्वतःची होती, शब्दन् शब्द.

लातूरच्या त्या गल्लीला महापालिकेनं दिलेलं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला आयांची गल्ली म्हणत. आसपासच्या तालुक्यांतून, नांदेडकडून, पार बिदरकडून बाया आपापले नवरे, सासवा, नोकऱ्या मागं टाकून इथं एकेक खोली करून राहत. कामं दोनच. लेकराला करून घालायचं, आणि लेकरू अभ्यास करतंय की नाही ते बघायचं. इथं टीव्ही कुणाकडं नव्हता. भाजीवाला ओरडत नसे, दारात येऊन नुसता उभा राहायचा. भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची, आणि कुजबुजत भांडायला किती कसब लागतं ते ज्यानं करून पाहिलंय त्यालाच ठाऊक. परीक्षा बदलल्या, वर्षाची सत्रं झाली, पुस्तकं जाऊन पडदे आले आणि डोळे बिघडले म्हणून पुन्हा पुस्तकं आली, पण आया काही बदलल्या नाहीत. महानंदाही नवरा वैजनाथ आणि त्याचं मोटार-वायंडिंगचं दुकान निलंग्यात सोडून दीड वर्षापूर्वी इथं आली होती. लेक डॉक्टर झाली की परत जायचं, असा साधा हिशेब होता.

या गल्लीत बारावीच्या पहिल्या सत्राबरोबर स्वगत आलं.

स्वगत म्हणजे कानामागं चिकटवायची ती मऊ पट्टी. पुण्याच्या एका कंपनीनं काढली आणि कॉलेजनं मुलांना वाटली. तिच्यामागचं शास्त्र पालकसभेत समजावून सांगितलं होतं, आणि महानंदाला ते चांगलं कळलंही होतं. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण मेंदू जिभेच्या आणि गळ्याच्या स्नायूंना बारीकसा इशारा पाठवतोच. त्याच वेळी त्या इशाऱ्याची एक नक्कल तो स्वतःच्या ऐकण्याच्या भागाकडं धाडतो. आता जे ऐकू येईल ते माझंच आहे, दचकू नकोस, अशी ती आगाऊ सूचना. म्हणून तर मनातला आवाज आपलाच आहे याची आपल्याला कधी शंका येत नाही.

स्वगत गळ्याचा तो इशारा पकडत असे आणि त्याच क्षणी आपलं वाक्य मध्ये घुसवत असे. तेही कानातून नव्हे, कवटीच्या हाडातून. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, कारण एरवी तो आपण हाडातून ऐकतो. यंत्र तो फरक भरून काढत असे. मेंदूची सूचना आधीच गेलेली असल्यामुळं त्या वाक्यावर 'माझं' असा शिक्का बसायचा. दुसऱ्याचा सल्ला माणूस या कानानं ऐकतो नि त्या कानानं सोडून देतो. स्वतःच्याच मनात आलेली गोष्ट कोण टाळणार? अभ्यासाचा कंटाळा आला की आतून कुणीतरी 'ऊठ' म्हणायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच असायचो.

मात्र सुरुवातीला मुलानं एकट्यानं बसून, आपण दमलो की स्वतःला काय म्हणतो, ते यंत्राला बोलून दाखवायचं होतं. त्याला भरणी म्हणत. यंत्र त्या बोलण्याचं वळण शिकणार आणि पुढं प्रसंग पडेल तशी नवी वाक्यं त्याच वळणानं जुळवणार. 'एकट्यानं' या शब्दावर कंपनीच्या माणसानं चांगला जोर दिला होता. पण आयांच्या गल्लीत एकट्यानं काय होतं? विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी आईनं केलेला, निबंधाची सुरुवात आईची, चित्रकलेच्या वहीतला मोरही आईचाच. भरणी हा बायांना आणखी एक प्रकल्प वाटला, आणि प्रकल्प लेकरावर सोडायचा म्हणजे मार्क गेलेच म्हणून समजा.

शिवलीला तर यंत्रापुढं मुकीच झाली होती. नमुन्यादाखल दिलेली वाक्यं महानंदानं वाचली. मी प्रयत्न करते आहे. मला विश्रांतीचीही गरज आहे.

"हे काय शाबासकी आहे का अंगाई?" ती म्हणाली. "सरक तिकडं. मी सांगते तसं बोल."

मग ती लेकीच्या मागं बसली आणि शेंगा सोलत सोलत एकेक वाक्य सांगत गेली. दमायला काय झालं, डोंगर फोडायलीस का? झोपायला अख्खं आयुष्य पडलंय. भूक लागली म्हणजे धडा संपला असं नसतंय. रडायचं तर वाचत वाचत रड. शिवलीला हसत हसत सगळं म्हणत गेली. शेवटी महानंदाला सासूची आठवण झाली. दिवाळीला गावी गेलं की ती म्हातारी नातीला पुस्तकापासून ओढून न्यायची. म्हणून महानंदानं एक खास वाक्य घातलं. कुणी लाड करायला लागलं तर ऐकायचं नाही, मायेनं मार्क मिळत नसतात.

भरणी उत्तम झाली. गल्लीतल्या सगळ्यांचीच उत्तम झाली.

पहिल्या सत्रात शिवलीला कॉलेजात दुसरी आली. वैजनाथनं दुकानात पेढे वाटले. महानंदाला तर आभाळ ठेंगणं झालं. पहाटे लेकीला हाका माराव्या लागत नव्हत्या. मोबाइल कपाटात धूळ खात पडला होता. महानंदाचं काम यंत्रानं हलकं केलं होतं, आणि तीही बिनघोर झाली होती. कधी नव्हे ते दुपारी तिला झोप लागायला लागली.

दुसऱ्या सत्रात मात्र तिच्या एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. पोरीचे ड्रेस खांद्यावरून ओघळायला लागले. कपाटातली पॅडची पाकिटं होती तशीच राहिली. विचारलं तर शिवलीला म्हणाली, "बरंय की, तेवढा वेळ वाचला." एकदा ती रडताना दिसली. पुस्तक समोर उघडं होतं, पानावर थेंब पडत होते, आणि ती बोटानं ओळी धरून वाचतच होती. महानंदा दारातच खिळून राहिली. जवळ जाऊन तिनं पाठीवर हात ठेवला, तर पोरीनं खांदा झटकला.

"आता बास गं बाळा. आज राहू दे."

"तू असं म्हणशील हे मला माहीतच होतं," शिवलीला डोळे न पुसता म्हणाली. "तुला माया आवरत नाही, आई. मला आवरायला पाहिजे."

हे वाक्य महानंदानं सांगितलेलं नव्हतं. ते यंत्रानं तिच्याच वळणानं नवं घडवलं होतं, आणि इतकं बेमालूम की तिला स्वतःचीच शिसारी आली. ती आर्जवं करत होती ती बाहेरून, दुसऱ्याच्या आवाजात. आतून लेकीच्याच आवाजात तिची गेल्या वर्षीची जीभ बोलत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तरी कुणाकडं?

ती शेजारच्या ललिता बिडवेकडं गेली. ललिताचा प्रज्वल त्याच वर्गात होता, आणि त्याची भरणी ललितानंच करून घेतली होती.

"तुमचा प्रज्वल जेवायलाय का नीट?" महानंदानं विचारलं.

ललितानं आधी दार लोटून घेतलं. "परीक्षा झाल्यावर जेवंल की. तोंडावर आलीय आता. तुम्ही हे असलं कुठं बोलू नका बरं का महानंदाताई. सगळ्यांनीच केलंय. कॉलेजला कळलं तर पट्ट्या काढून घेतील, आणि मग ह्या लेकरांनी काय करावं?"

"पण ललिताताई, पोरगी हातची चाललीय माझी."

"काही होत नसतंय," ललिता म्हणाली, पण तिनं महानंदाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

चार-सहा दिवसांनी शिवलीला प्रयोगशाळेत कोसळली. उभ्या उभ्या खाली आली आणि कपाळाला खोक पडली. सलाइन लावून तिला घरी सोडलं तेव्हा दुपार होती. ती झोपल्यावर महानंदानं कानामागची पट्टी नखानं हळूच सोडवली आणि डाळीच्या डब्यात लपवून ठेवली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

शिवलीला दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि पलंगाच्या कडेला बसली. बसूनच राहिली. रडणं नाही, चिडणं नाही, पट्टी कुठंय म्हणून विचारणंही नाही. महानंदानं तिला न्हाणीत नेलं, हातात ब्रश दिला. थोड्या वेळानं जाऊन बघते तर ब्रश तसाच हातात, पेस्ट बोटांवर ओघळलेली.

"घास की दात."

तिनं घासले. मग नळाकडं बघत उभी राहिली.

"चूळ भर."

तिनं चूळ भरली. दिलं तेवढं जेवली, आणखी पाहिजे का विचारलं तर आईच्या तोंडाकडं बघत बसली. आता निदान खाते तरी आहे म्हणून महानंदाला आधी बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. सांगितलेलं सगळं करणारी लेक तिनं आयुष्यभर देवाकडं मागितली होती. आता ती समोर बसलेली होती आणि तिच्याकडं बघवत नव्हतं.

मनाच्या आजारांच्या डॉक्टर तबस्सुम काझी यांनी त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी तिला तपासलं. मग तिला बाहेर बसवून त्या महानंदाशी बोलल्या.

"मेंदू मोठा काटकसरी असतो, ताई. आयतं मिळतं ते तो स्वतः करत नाही. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की पोटरी सुकते ना, तसंच. तिच्या मनात बोलण्याचं काम इतके महिने यंत्र करत होतं. ते काढल्यावर आत कुणी बोलणारंच उरलं नाही. उठावं, बसावं, पाणी प्यावं, हेसुद्धा आपण आधी स्वतःला सांगत असतो."

"मग पुन्हा लावू का? लावलं तर जेवायची नाही ती."

"बाकी ठिकाणची मुलंही हे वापरतात. त्यांना एवढा त्रास झालेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती वाक्यं तिचीच होती ना?"

महानंदानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. सासूचं वाक्यसुद्धा सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आपल्या मनातल्या वाक्याशी आपण भांडतो," डॉक्टर म्हणाल्या. "'ऊठ' म्हणतो, आणि 'नाही उठत, जा' असंही आपणच म्हणतो. त्या भांडणातच माणूस शहाणा होतो. तुमच्या वाक्यांशी ती समोरासमोर भांडली असती. पण ती तिच्या आवाजात आत गेली, 'माझी' म्हणून गेली. तिच्या बाजूनं बोलणारं आत दुसरं कुणी ठेवलंच नाही आपण."

"आता उपाय काय?"

"नवी भरणी. ह्या वेळी तिच्या शब्दांत. यंत्राला फक्त ऐकायला लावू, बोलू द्यायचं नाही. तिनं पुरेशी वाक्यं दिली की मग ते बोलेल, रोज थोडं कमी कमी करत. हळूहळू आतलं सुरू होईल. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. आणि ह्या सत्राची परीक्षा सोडावी लागेल."

"आणि तिनं काही वाईटसाईट भरलं तर?"

"भरू द्या. वाईट असलं तरी तिचं असेल, त्याच्याशी तिला भांडता येईल. तुम्ही एकच करा, ताई. तोंड उघडू नका. एक शब्द जरी तुमचा गेला, तरी पुन्हा पहिलेच पाढे."

रिक्षात बसल्यावर महानंदानं वैजनाथला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. त्याच्या मागं मोटारीच्या टेस्टिंगची घरघर ऐकू येत होती.

"परीक्षेपर्यंत राहू दे की जुनंच," तो म्हणाला. "एवढी कळ काढली. आता काठावर आल्यावर कशाला? नंतर करू तिचा इलाज."

"नंतर कुणाचा करणार, अहो? पोरगी उरली पाहिजे ना."

"डॉक्टर लोक वाढवून सांगतात गं. तिनं स्वतः ठरवलं होतं डॉक्टर व्हायचं."

महानंदानं शेजारी बघितलं. शिवलीला रिक्षाच्या दांडीला धरून बसली होती, कारण धर म्हणून तिला सांगितलं होतं. खरंच हिनं कधी ठरवलं होतं का? महानंदानं खूप आठवून पाहिलं. दर वेळी तिला स्वतःचाच आवाज आठवत होता.

"ती परीक्षेला बसणार नाही," ती फोनवर म्हणाली. "तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला, तिला नको." आणि तिनं फोन ठेवला. दीड वर्षाची खोली, गल्लीतली इज्जत, दुकानातले पेढे, सगळं त्या एका वाक्यात पाण्यात गेलं होतं. पण जास्त भीती पुढचीच होती.

घरी आल्यावर तिनं डाळीच्या डब्यातली पट्टी काढली, पुसली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं फक्त ऐकण्यावर ठेवली आणि लेकीच्या कानामागं लावली. स्वतःशी म्हटलेलं वाक्य नीट भरलं गेलं की ती बारीक टिंग करणार होती.

"तुला वाटंल ते बोल," महानंदा म्हणाली. "दमल्यावर तुला स्वतःला काय म्हणावं वाटतंय, ते. मी बाहेर चालले."

ती दार ओढून घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. ऊन कलायला लागलं होतं. गल्लीत नेहमीसारखी चिडीचूप शांतता होती, त्यामुळं आतलं पान फडफडलं तरी ऐकू येत होतं.

बराच वेळ काहीच नाही. मग आतून बारीक आवाज आला.

"दमायला काय झालं..."

टिंग झालं नाही. यंत्र जुनं वाक्य दुसऱ्यांदा घेत नव्हतं.

"झोपायला अख्खं आयुष्य..." शिवलीला थांबली. पुन्हा शांतता. लेकीजवळ दुसरं काहीच नव्हतं. सतरा वर्षांची पोर आपल्या मनात शोधत होती, आणि तिला कोपऱ्याकोपऱ्यात आईच सापडत होती.

"आई," आतून हाक आली. "काय म्हणू गं?"

महानंदाच्या ओठांवर लगेच वाक्यं जमली. चांगली वाक्यं, ह्या वेळी खरंच चांगली. मी माझी लाडकी आहे. मला जरा बसू द्या. शहाणं आहे माझं लेकरू. एवढं एकच सांगितलं तर काय बिघडणार होतं? तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"आई? आहेस का बाहेर?"

बोलायला शिकल्यापासून या पोरीची एकही हाक तिनं वाया जाऊ दिली नव्हती. जिन्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हुंदक्याचाही आवाज होऊन चालणार नव्हता.

"गेली वाटतं," शिवलीला म्हणाली.

टिंग.

आत खुर्ची सरकली. पोरगी हमसून हमसून रडायला लागली होती. पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज नव्हता, नुसतं रडणं होतं.

"मला नाही जमायलं," ती म्हणाली.

टिंग.

असं नाही म्हणायचं गं बाई, महानंदाच्या जिभेच्या टोकाशी आलं. उद्यापासून हेच वाक्य पोरीच्या डोक्यात, तिच्याच आवाजात वाजणार होतं. दार एका हाताच्या अंतरावर होतं. आत जाऊन ते पुसता आलं असतं, जवळ घेता आलं असतं, समजावता आलं असतं. ती उठली. कडीवर हात ठेवला.

"मला आईचा राग येतो," शिवलीला आत म्हणाली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. "लई राग येतो मला आईचा."

टिंग. टिंग.

महानंदानं कडीवरचा हात काढला, दाराला पाठ लावून जमिनीवर बसली, आणि लेकीच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.